सात अर्ज, एक वेटलिस्ट आणि हातचं गेलेलं काम : इतिहासाच्या पीएचडी प्रवेशाची वाट पाहतानाचं एक प्रकरण

हे प्रकरण 2024-25 च्या प्रवेशहंगामातलं आहे. जिचं आहे तिच्या परवानगीने लिहिते आहे. गाव, संस्था आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत किंवा बदलले आहेत. मी स्वतः अमेरिकेतून इतिहासात पीएचडी केली. दर वर्षी महाराष्ट्रातल्या दोन-तीन अर्जदारांचे मसुदे वाचून देते. ही मुलगी त्यातलीच एक. म्हणजे मी या गोष्टीत तटस्थ नाही, आणि एका चुकीत माझाही वाटा आहे. तो शेवटी येईलच.

## पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातला ऊसपट्टा. वडिलांची साडेतीन एकर जमीन, आई अंगणवाडी सेविका. मुलीने पुण्यात राहून इतिहासात एमए केलं, मोडी शिकली, आणि एमएच्या प्रबंधासाठी इनाम कमिशनच्या कागदांत शिरली. 1848 मध्ये साताऱ्याचं राज्य खालसा झालं. 1852 च्या अकराव्या कायद्याने इनामांची चौकशी करायचे अधिकार कमिशनला मिळाले. गावोगावच्या इनामदार-वतनदारांना आपला हक्क सिद्ध करायला जुने कागद काढावे लागले. ते कागद काढताना कुटुंबांनी स्वतःचा इतिहास कसा सांगितला, हा तिचा प्रश्न. चांगला प्रश्न होता. पुण्याच्या पुराभिलेखागारात तिने चार-पाच रुमाल नीट वाचले होते. (बाहेरच्यांसाठी : तिथे कागदांचे गठ्ठे कापडात बांधलेले असतात, त्यांना रुमालच म्हणतात.)

एमएनंतर एक वर्ष तिने एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवलं आणि 2024 च्या पावसाळ्यात अमेरिकेत अर्ज करायचं ठरवलं. यादीत आठ विद्यापीठं होती. त्यातलं एक नोव्हेंबरातच गळालं, कारण त्या वर्षी नवे विद्यार्थी घेणारच नाही असं विभागाने कळवलं. त्या सुमारास ही गोष्ट एकट्यादुकट्या विभागाची राहिली नव्हती. बोस्टन विद्यापीठाने इतिहासासह डझनभर विषयांतले पीएचडी प्रवेश 2025-26 साठी थांबवल्याची बातमी त्याच महिन्यातली.

उरले सात. दोन अर्ज 1 डिसेंबरला, तीन 15 डिसेंबरला, दोन जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. प्रत्येकाला एसओपी (काय संशोधन करायचं आणि का, हे सांगणारा निबंध), तीन शिफारसपत्रं आणि वीस-पंचवीस पानांचं रायटिंग सॅम्पल, म्हणजे स्वतःच्या लेखनाचा नमुना. जीआरई ही प्रवेशपरीक्षा बहुतेक इतिहास विभागांनी कोविडनंतर काढून टाकलेली, तेवढी एक सुटका. सातांची फी 640 डॉलर, तेव्हाच्या दराने 54 हजारांच्या पुढे. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे सतरा हजार वेगळे. हे पैसे तिच्या तासिकांच्या मानधनातून आणि आईच्या भिशीतून आले. शिवाय लंडनच्या एका विद्यापीठात वर्षभराच्या एमएचा अर्ज तिने 'असू दे' म्हणून टाकून ठेवला होता.

## अडचण नेमकी कुठे होती

वरवर पाहता अडचण एवढीच की निकाल येत नव्हते. पण निकाल उशिरा येणार हे ठाऊकच होतं. डिसेंबरात अर्ज गेला की जानेवारीत विभागाची समिती वाचायला बसते. नावाजलेल्या विभागांत अर्ज शेकड्यांनी येतात आणि जागा दहा-पंधरा, कुठे पाच-सहाच. त्याही क्षेत्रावार वाटल्या जातात : युरोपला इतक्या, अमेरिकेला इतक्या, दक्षिण आशियाला एक. कधी एकही नाही. विभाग नावं ठरवतो, मग ती ग्रॅज्युएट स्कूलकडे (विद्यापीठाच्या पदव्युत्तर प्रवेशांच्या कचेरीकडे) जातात, तिथून अधिकृत पत्र निघतं. म्हणून चांगली बातमी पुष्कळदा अर्जाच्या ऑनलाइन पोर्टलच्या आधी एखाद्या प्राध्यापकाच्या ईमेलने येते. वाईट बातमी मात्र मुद्दाम उशिरा येते. ज्यांना निवडलं ते 'हो' म्हणतील याची खात्री नसते, म्हणून बाकीच्यांना लगेच 'नाही' म्हणून मोकळं करत नाहीत. फेब्रुवारीतली शांतता म्हणजे नकारही नव्हे आणि आशाही नव्हे. अर्ज नुसता फाइलीत पडून असतो.

हे सगळं तिला मी ऑक्टोबरातच सांगितलं होतं. तिला ते कळलंही होतं. तरी जानेवारीच्या मध्यापासून तिचा दिवस उलटा झाला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची कचेरी सकाळी नऊला उघडते तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, आणि तिथले पाच वाजतात तेव्हा पहाटेचे साडेतीन. ती तेवढा वेळ जागी राहायची. 9 मार्चला तिकडची घड्याळं तासभर पुढे गेली, हिचा पहारा तासभर आधी सुरू झाला. स्पॅम फोल्डर, पोर्टल, पुन्हा स्पॅम फोल्डर. सकाळी दहाला उठायची. घरात कुणी बोलायचं नाही, पण एकदा अण्णा, म्हणजे तिचे वडील, जेवताना म्हणाले, "ऊस गेला की कारखान्याच्या बिलाची वाट बघत बसत नाय कुणी. खोडव्याला पाणी द्यावंच लागतंय." (खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणारं पीक.) तिने हे मला चिडून सांगितलं. मला हसू आलं आणि मग वाटलं, या अख्ख्या प्रकरणात सर्वांत मुद्द्याचं वाक्य हेच.

कारण खरी अडचण तिथे होती. त्या तीन-चार महिन्यांत तिच्यापुढे निदान चार निर्णय आले. एकही अमेरिकेच्या निकालावर अवलंबून नव्हता, निदान ती समजत होती तितका नव्हता. तिने मात्र चारही निकालाच्या खुंटीला टांगून ठेवले.

## समोर आलेले निर्णय आणि त्यांचे पर्याय

पहिला : नेटचा फॉर्म. यूजीसी नेट म्हणजे महाविद्यालयात शिकवायची पात्रता ठरवणारी देशपातळीवरची परीक्षा. तिच्या डिसेंबर 2024 फेरीचे अर्ज नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालू होते. अमेरिकेच्या पाच अर्जांची धावपळ नेमकी तेव्हाच. परीक्षा जानेवारी 2025 मध्ये. 2024 पासून भारतातल्या पीएचडी प्रवेशांसाठी नेटचे गुण धरायला सुरुवात झाली आहे. जेआरएफ (नेटमधूनच मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली तर तेव्हा महिन्याला 37 हजार. म्हणजे फॉर्म भरणं हा अमेरिकेला पर्याय नव्हता, सोबतीचा रस्ता होता. तिने दोन गोष्टी तोलल्या : एसओपीचे शेवटचे मसुदे आणि नेटचा अभ्यास. तिला वाटलं, दोन्ही नीट होणार नाही. शिवाय मनात होतंच, की सातातून एक तरी लागेल. फॉर्म राहिला. खरं तर अभ्यास न करता नुसता भरून ठेवायला अर्धा तास आणि थोडी फी लागली असती. परीक्षेला बसायचं की नाही हे जानेवारीत ठरवता आलं असतं.

दुसरा : लंडनची जागा. 22 जानेवारीला तिथलं प्रवेशपत्र आलं. सगळ्यात आधी आलेलं 'हो' म्हणून घरात पेढेही आले. जागा राखायला दोन हजार पौंडांचं डिपॉझिट, 28 फेब्रुवारीच्या आत. फी पंचवीस हजार पौंडांच्या आसपास. त्यात 2 जानेवारी 2025 पासून ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी लंडनात राहण्याच्या खर्चापोटी महिन्याला 1,483 पौंड, असे नऊ महिन्यांचे, खात्यात दाखवणं आवश्यक झालं होतं. हिशोब चाळीस लाखांच्या घरात गेला. कर्ज काढायचं तर जमीन तारण. शिष्यवृत्तीचे अर्ज तिने केले होते, निकाल यायचे होते.

इथे एक आडवळण घेते, कारण दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे ना, मग काय अडचण? तिच्या वर्गातल्या एका अनुसूचित जातीच्या मुलाने त्याच आशेने चौकशी केली होती. पण 2022 च्या नियमावलीपासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास किंवा भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषय त्या योजनेतून वगळले गेले. ज्याला भारताचा इतिहास बाहेर जाऊन शिकायचा आहे त्याच्यासाठी तो दरवाजाच भिंतीत गेला. यावर मला पुष्कळ बोलायचं आहे, पण ते या प्रकरणात नको.

तिसरा : पुण्यातलं काम. हा सगळ्यात महत्त्वाचा, आणि तेव्हा आम्हा दोघींनाही तो सगळ्यात किरकोळ वाटला. फेब्रुवारीच्या दहा तारखेला पुण्यातल्या एका संस्थेतून तिला फोन आला. मोडी कागदांची सूची करायचा प्रकल्प, 1 मार्च ते 31 ऑगस्ट, महिना 25 हजार. तिच्या एमएच्या मार्गदर्शक सरांनी नाव सुचवलं होतं. आठवड्यात कळवा, म्हणाले. तिने तीन पर्याय धरले : हो म्हणायचं, नाही म्हणायचं, किंवा मुदत मागायची. हो म्हटलं आणि अमेरिकेचं झालं तर मध्येच सोडून जावं लागेल, सरांचं नाव खराब होईल, ही भीती. नाही म्हणायचं धैर्य नव्हतं. तिने मुदत मागितली. "निकाल आला की कळवते."

चौथा पर्याय तिला सुचला नाही, मलाही नाही. अमेरिकेतलं सत्र ऑगस्टच्या शेवटी सुरू होतं. ती फार तर दहा ऑगस्टला निघाली असती. सहा महिन्यांच्या कामात तीन आठवड्यांचा प्रश्न होता! "मला कदाचित तीन आठवडे आधी निघावं लागेल, चालेल का?" एवढं एक वाक्य. ते कुणी विचारलंच नाही.

चौथा : कुणाला कधी लिहायचं. फेब्रुवारीपासून तिला दर आठवड्याला कुठल्या तरी प्राध्यापकाला ईमेल करावीशी वाटायची. माझ्या अर्जाचं काय झालं? त्यावर मी कडक होते. समितीत असलेला माणूस उत्तर देऊ शकत नाही आणि समितीत नसलेल्याला ठाऊक नसतं. वेटलिस्ट आली किंवा दुसरीकडची ऑफर हातात असून मुदत संपत असेल तरच लिहायचं.

## काय घडलं

30 जानेवारीला एका विभागाची झूमवर मुलाखत झाली. तिकडचे सकाळी अकरा, आपले रात्री साडेनऊ. गावात त्या आठवड्यात विजेचा भरवसा नव्हता, म्हणून ती साताऱ्यात मैत्रिणीकडे जाऊन बसली. दोन प्राध्यापक, पंचवीस मिनिटं. एकीने विचारलं, "ही कुटुंबं कमिशनपुढे खोटं सांगत होती असं तुम्हाला वाटतं का?" हिने उत्तर दिलं की खरं-खोटं ठरवणं कमिशनचं काम होतं, माझा प्रश्न त्यांनी कुठला भूतकाळ उपयोगाचा मानला हा आहे. मला वाटतं, वेटलिस्ट तिला या उत्तराने मिळवून दिली.

मग फेब्रुवारी आला. 7 तारखेला अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने विद्यापीठांना संशोधन अनुदानासोबत मिळणारा अप्रत्यक्ष खर्च (इमारती, कचेरी वगैरेंसाठीचा वरचा पैसा) 15 टक्क्यांवर आणायची घोषणा केली. वैद्यकीय संशोधनाच्या पैशाचा इनामदारांच्या कागदांशी काय संबंध, असं तिने विचारलं. संबंध असा की विद्यापीठाची तिजोरी एकच असते. पीएचडीचा विद्यार्थी घेणं म्हणजे पाच-सहा वर्षांची फीमाफी आणि स्टायपेंड (राहण्याखाण्यासाठीचं मानधन) कबूल करणं. तिजोरीला गळती लागेल अशी शंका आली की नवं कबूल करायला हात आखडतो. महिन्याच्या अखेरीस पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने कला-विज्ञान शाखेतल्या विभागांना प्रवेश कमी करायला सांगितल्याच्या बातम्या आल्या. पिट्सबर्ग विद्यापीठाने तर पीएचडीचे नवे प्रवेश काही दिवस थांबवूनच ठेवले होते. म्हणजे ज्या जागांसाठी अर्ज केले त्या जागाच अर्जानंतर आक्रसत होत्या. यात तिच्या एसओपीचा काही दोष नव्हता. पण रात्री दोन वाजता पोर्टल उघडणाऱ्या मुलीला ते पटवणं सोपं नसतं.

निकाल असे आले. 14 फेब्रुवारीला पहिला नकार. 27 तारखेला एका विभागाच्या प्राध्यापकांनी स्वतः लिहिलं, की यंदा जागा कमी झाल्याने दक्षिण आशियात कुणालाच घेता येत नाही. ते पत्र सभ्य होतं आणि तिला त्याचाच जास्त त्रास झाला. 4 मार्चला एक नकार, त्याच पत्रात वर्षभराच्या एमएची अर्ध्या फीची जागा. हे अमेरिकेत सर्रास चालतं. पत्राची भाषा अशी गोड असते की नकार आहे हे दुसऱ्या वाचनात कळतं. अर्धी फी माफ होऊनही खर्च लंडनपेक्षा जास्त होता. तिने दोन दिवसांत नाही कळवलं. या एका निर्णयात तिने अजिबात घोळ घातला नाही. 11 मार्चला मुलाखतवाल्या विभागाची वेटलिस्ट. 20 आणि 21 मार्चला आणखी दोन नकार. सातवं विद्यापीठ गप्प.

आता पुण्याच्या कामाचं. फेब्रुवारीच्या अठ्ठावीस तारखेपर्यंत संस्थेने वाट पाहिली. तिने त्या दिवशीही फोन केला नाही, कारण सांगायला काही नव्हतं. 3 मार्चला ते काम दुसऱ्या मुलाला मिळालं. संस्थेची काहीच चूक नाही.

आणि याची खरी किंमत आठ दिवसांनी कळली. वेटलिस्टचं पत्र आल्यावर विभागाच्या ग्रॅज्युएट संचालकांना एकच ईमेल पाठवायचं आम्ही ठरवलं. अशा ईमेलचा साचा ठरलेला आहे. आभार, तुमचा विभाग माझी पहिली पसंती आहे, फंडिंगसह जागा मिळाली तर मी नक्की येईन, आणि अर्जानंतर माझ्या कामात काय नवं घडलं त्याच्या दोन ओळी. पहिले दोन भाग दहा मिनिटांत झाले. तिसऱ्यापाशी ती थांबली. डिसेंबरनंतर ती एकदाही पुराभिलेखागारात गेली नव्हती. अडीच महिन्यांत एक कागद वाचला नव्हता, एक पान लिहिलं नव्हतं. पुण्याचं काम घेतलं असतं तर 11 मार्चला तिच्याकडे सांगायला दहा दिवसांची का होईना सूची असती, एखादा नवा दस्त असता. तिने लिहिलं, "मी इनाम कमिशनच्या कागदांवर काम पुढे चालू ठेवलं आहे." मी ते वाक्य काढायला लावलं, कारण ते खरं नव्हतं. ईमेल दोन परिच्छेदांचं गेलं.

संचालकांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. यादीला क्रमांक नाहीत, जागा सुटेल त्या क्षेत्राप्रमाणे बोलावतो, 15 एप्रिलपर्यंत कळेल.

या 15 एप्रिलबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडे त्याचा अर्थ पुष्कळदा उलटा लावला जातो. अमेरिकेतल्या बहुसंख्य विद्यापीठांनी कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या एका ठरावावर सही केलेली आहे. फंडिंगसह दिलेल्या ऑफरला 15 एप्रिलच्या आधी उत्तर द्यायची सक्ती विद्यार्थ्यावर करायची नाही, असं तो ठराव सांगतो. तो ऑफर हातात असलेल्याचं रक्षण करतो. वेटलिस्टवरच्याला त्याचा अर्थ एवढाच, की ज्यांच्या हातात चार-चार ऑफरी आहेत ते मार्चमधल्या विद्यापीठांच्या भेटी उरकून सावकाश ठरवणार आणि आपल्यासाठी जागा सुटली तर ती बहुधा शेवटच्या दोन आठवड्यांत सुटणार. ब्रिटनच्या विद्यापीठांना हा ठराव लागू नाही. त्यांचं कॅलेंडर वेगळं, डिपॉझिटची तारीख त्यांची ते ठरवतात.

लंडनच्या बाबतीत तिने फेब्रुवारीच्या मध्यावर मुदतवाढ मागितली होती. नम्र, चार ओळींचं पत्र, कारण खरं दिलेलं : शिष्यवृत्तीचे निकाल बाकी आहेत. 31 मार्चपर्यंत मुदत मिळाली. मागायला काही पडत नाही आणि पुष्कळ मुलं मागत नाहीत. मार्चअखेर शिष्यवृत्तीचाही नकार आला. 29 तारखेला अण्णा, आई, ती आणि फोनवर मी, असे बसलो. अण्णा म्हणाले, "जमीन लावू. त्यात काय." ते मनापासून म्हणत होते, आणि म्हणूनच तिने नाही म्हटलं. एका वर्षाच्या एमएवर, ज्यानंतर पुन्हा पीएचडीचा हाच रांगेतला खेळ आहे, साडेतीन एकर लावायचे नाहीत. वेटलिस्ट अजून उघडी होती. पण हा निर्णय तिने वेटलिस्टकडे न बघता घेतला. त्या हंगामातला असा पहिलाच.

## निष्पत्ती

15 एप्रिल मंगळवारी होता. आदल्या दिवशी आंबेडकर जयंती, गावात मिरवणूक. ती मिरवणुकीत होती आणि फोन घरी ठेवून गेली होती, हे मला नंतर कळलं. 17 तारखेला विभागाने कळवलं की यंदाची तुकडी भरली. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा असं संचालकांनी एका ओळीत लिहिलं होतं. अशी ओळ सगळ्यांना लिहितात का? काही जण लिहितात. मुलाखत घेतलेल्याला लिहिली तर तिला थोडं वजन असतं, असा माझा अनुभव.

योगायोग असा, की नेटच्या जून फेरीचे अर्ज 16 एप्रिललाच सुरू झाले होते. तिने या वेळी पहिल्या आठवड्यात भरला. परीक्षा जूनच्या शेवटी झाली, निकाल जुलैत. सहायक प्राध्यापक आणि पीएचडी प्रवेश यांसाठी पात्र, जेआरएफ थोडक्यात हुकली. जुलैपासून जिल्ह्यातल्याच एका महाविद्यालयात पुन्हा तासिका तत्त्वावर. सातव्या विद्यापीठाचा नकार जूनमध्ये आला. तोवर पोर्टलचा पासवर्ड ती विसरली होती.

ऑगस्टमध्ये तिने स्वतःहून पुण्याच्या त्या संस्थेला फोन केला. प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली होती, पण पूर्णवेळ जागा नव्हती. शनिवार-रविवार सूचीचं काम करशील का, विचारलं. पैसे नाममात्र. ती जाते. साताऱ्याहून पहाटेची एसटी.

डिसेंबर 2025 मध्ये तिने पुन्हा अर्ज केले. फक्त चार. या वेळी यादी नावावरून न करता, त्या वर्षी दक्षिण आशियात विद्यार्थी घेणार आहेत का हे प्राध्यापकांना सप्टेंबरातच विचारून केली. दोन ठिकाणांहून सरळ 'नाही' आलं. तेवढी फी वाचली.

## वेगळं काय करता आलं असतं

प्रवेश मिळाला असता का, याचं उत्तर या प्रकरणात नाही. त्या वर्षी जागाच कमी झाल्या होत्या आणि दक्षिण आशियाला एक जागा असेल तर ती कुणाला जाईल हे एसओपीच्या एका परिच्छेदावर ठरत नाही. बदलता येण्यासारखं होतं ते वाट पाहण्याच्या आसपासचं.

अर्ज पाठवायच्या आधी एका कागदावर तारखा मांडता आल्या असत्या. 15 फेब्रुवारीपर्यंत काहीच आलं नाही तर काय, 31 मार्चला हातात फक्त वेटलिस्ट असेल तर काय, 16 एप्रिलला काहीच नसेल तर काय. असा कागद डिसेंबरात शांत डोक्याने करता येतो. फेब्रुवारीत रात्री दोनला करता येत नाही. या वर्षी तिने तो केला आहे. मी पाहिला नाही, तिने दाखवला नाही.

पुण्याच्या कामाबद्दल आमचं एकमत आहे : हो म्हणायला हवं होतं, आणि निघायच्या तारखेबद्दल पहिल्याच फोनवर विचारायला हवं होतं. ज्या कामाची अट काय हे विचारलंच नाही, ते काम आपण कल्पनेतल्या अटीमुळे सोडलं.

लंडनबद्दल मात्र एकमत नाही. मला वाटतं, तिने ती जागा जानेवारीतच सोडायला हवी होती. आकडे तेव्हाही तेच होते, आणि मुदतवाढ मागून दोन महिने घरात त्या चाळीस लाखांचं ओझं उगाच वागवलं. ती म्हणते, शिष्यवृत्ती मिळाली असती तर? आणि समजा नसतीच मिळाली, तरी एक 'हो' हातात असल्यामुळेच फेब्रुवारी निभावला. असेलही. मी तेव्हा चोवीस वर्षांची नव्हते आणि माझ्या बापाची जमीन मध्ये नव्हती.

आता माझं. नोव्हेंबरच्या शेवटी तिने फोनवर विचारलं होतं, "ताई, नेटचा फॉर्म भरू का? की आता एसओपीच बघू?" मी स्वयंपाक करत होते. म्हटलं, "अगं, एसओपी बघ. होईल तुझं." तिचा प्रबंध चांगला होता, मला खरंच तसं वाटत होतं, आणि 'होईल' म्हणायला काही लागत नाही. तिने फॉर्म भरला नाही. तिने मला कधी त्याबद्दल बोल लावला नाही. हे लिहिण्यासाठी जुने मेसेज चाळताना मलाच ते सापडलं. फोननंतर तिने लिहिलं होतं, "ठीक आहे ताई, तुम्ही म्हणता तर नेट पुढच्या वेळी."

या हंगामात माझ्याकडे तिघींचे मसुदे आले. तिघींना मी पहिल्याच फोनवर विचारलं, नेटचा फॉर्म भरलास का. दोघींनी भरला होता. तिसरी म्हणाली, बघते. तिला मी पुन्हा विचारलं नाही.